पाचवा पत्ता दिसत नाही

मेयर लॉरेन टिबेटबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय नगरसेवक, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती डेस प्रूइट, आणि मागच्या टेबलावरच्या सॉसेज रोलकडे डोळे लावून बसलेल्या कूलारीच्या माझ्या सभ्य बंधुभगिनींनो,

मी मर्ल हॅनिगन. इथून दोनशे किलोमीटरवर माझा पेट्रोलपंप आणि खानावळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी मला गाडीत बसूनच पाहिलं असेल. आज बोलायला उभं केलंत, हा मोठा मान झाला.

डेसची नि माझी ओळख भांडणातून झाली. एकोणीस वर्षांपूर्वी वाचनालयाचं इंटरनेटवरचं पान उघडेना, म्हणून मी कौन्सिलला फोन केला. तिथले कॉम्प्युटर सांभाळणारा हा म्हणाला, "आमच्याकडे तर दिसतंय." मी म्हटलं, "मग तुम्हीच बघत बसा!" मग म्हणतो कसा, "बाई, तुम्ही बाहेर आहात. मला बाहेरचं माणूस हवंच होतं."

त्याचं म्हणणं असं. कौन्सिल, वाचनालय, दवाखाना, विमानाची धावपट्टी आणि दफनभूमीची नोंदवही, असे आपले इंटरनेटवरचे पाच पत्ते जगाला दिसतात. पण पाचांमागे मशीन एकच, कौन्सिलच्या मागच्या खोलीतलं. मध्ये फायरवॉल, म्हणजे दारावरचा पहारेकरी. कुठल्या पत्त्यावर आलेल्याला आत मशीनकडे सोडायचं, याची त्याच्यापाशी पत्त्यागणिक एक ओळ लिहिलेली. एक ओळ चुकली की चार दारं उघडी आणि पाचवं बंद. आणि गंमत बघा, कौन्सिलात बसलेल्यांना त्याचा पत्ताच लागत नाही, कारण ते आतल्या वाटेनं जातात.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी नऊला फोन. "मर्ल, कौन्सिल?" "दिसतंय." "वाचनालय?" "दिसतंय." क्लिफ, माझा नवरा, पंपावरून ओरडायचा, "अगं, तुझा इन्स्पेक्टर आला बघ!"

मग क्लिफ गेला. तुम्ही सगळे आलात, त्याला माती दिलीत, सँडविच खाल्लेत आणि परतलात. तक्रार नाही हो. दोनशे किलोमीटर म्हणजे दोनशे किलोमीटर. पण त्या आठवड्यात डिझेलखेरीज दुसरं काही माझ्याशी कुणी बोललं नाही. सोमवारी फोन आला. चार दारं झाली. पाचवं उघडलं, तर दफनभूमीच्या नोंदीत सगळ्यात वर क्लिफचं नाव.

मी म्हटलं, "दिसत नाही."

चक्क खोटं बोलले. फोन ठेवायचा नव्हता मला.

"थांब, ओळ पुन्हा लिहितो," डेस म्हणाला. "आता?"

"नाही."

"बरं, तोवर सांग, नाश्ता केलास का?"

"नाही."

"मग कर की! मी धरून आहे फोन. क्लिफचा कुत्रा खातोय का काही?"

असं करता करता बारा वाजले. मग मीच म्हटलं, "दिसलं रे बाबा." तर म्हणतो, "चला, सुटलो!"

आठ वर्षं माझं मन मला खात होतं, की या भल्या माणसाला मी फसवलं. आज तासाभरापूर्वी डेसच्या जागी आलेल्या टेगननं मला त्याची कामाची वही दाखवली. पहारेकरी दारावरची प्रत्येक टकटक नोंदवून ठेवतो, हे मला मेलीला कुठं ठाऊक! त्या तारखेला डेसच्या अक्षरात लिहिलंय: "पाचही उघडी. नऊ वाजून चार मिनिटांनी मर्ल पाचवं पान बघून गेली. कुठल्याही ओळीला हात लावला नाही. बाराला फोन ठेवला."

डेस, मान वर कर. तीन तास नाटक केलंस, आणि आठ वर्षं तोंडातून ब्र काढला नाहीस.

उद्यापासून हे सगळं सिडनीतल्या कुठल्याशा मशीनवर जातंय. तपासणी आपोआप होणार म्हणे, बाहेरचं माणूस लागणार नाही. टेगन, चांगलंच आहे ते. पण मला सोमवारची भीती वाटते, हे मी सगळ्यांदेखत सांगते.

आपण मुकाट्यानं ऐकून घेतलंत, फार आभारी आहे. काही अधिक-उणं बोलले असेन, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. आणि डेस, सोमवारी तुला कुठं जायचं नसेल. घरात तूही एकटाच. नऊला फोन वाजेल, तो उचल. या खेपेला मी विचारणार आहे, नाश्ता केलास का.