सोमवारपर्यंत पुरणारं ऊन

केनियातल्या होमा बे गावच्या सायबर कॅफेत मिल्का झेरॉक्ससाठी उभी होती. तिच्यापुढे एक मासेवाली ऊर्जा साठवण्याच्या स्पर्धेचा अर्ज टायपिस्टकडून भरून घेत होती.

"मावशी, बॅटरी कसली?"

"बर्फाची."

"अहो, ऊर्जा साठवायची स्पर्धा आहे ही!"

"मग मी काय साठवते? दुपारी छपरावरच्या सोलरची वीज उतू जाते, तेव्हा मिठाच्या पाण्याचा बर्फ करते. ऊन गेलं की त्याच बर्फावर माशांची पेटी गार राहते."

"बरं. क्षमता किती लिहू?"

"ऐंशी तिलापिया मासे, शनिवारपासून सोमवारपर्यंत."

"इथे आकडा लागतो, मावशी."

"मग ऐंशी काय आहे?"

मिल्का झेरॉक्स विसरून ऐकू लागली.

"लिहिलं. संशोधकाचं नाव?"

"माझ्या भाच्याचं घाल, फ्रेड ओकेच. तो कॉलेजात शिकलाय. माझी शाळा चौथीतच सुटली."

"पेटी त्याने बनवली?"

"त्याने खिळे आणून दिले. तेही आखूड निघाले."

"ज्याचं नाव, त्यानेच नैरोबीला परीक्षकांना पेटी समजावून सांगायची, असा नियम आहे."

"तो सांगणार? अरे, बर्फ वर ठेवायचा की खाली, हेही त्याला ठाऊक नाही!"

"मग काय करू? पाचला मुदत संपतेय."

"खोड त्याचं नाव."

"खोडलं. आता?"

"माझं लिही, रोझबेला अपोंदी. ठळक लिही. आणि शिक्षणापुढे चौथी लिही. लपवू नकोस, वाचू दे त्यांना."