साबणाचा फेस

"काका, जाहिरातीतल्या दुधावरचा फेस खरा असतो का?" मैत्रिणींनी पैज लावून दिलेला प्रश्न ताईने स्टुडिओच्या बाकावरून एका दमात विचारला.

"साबणाचा असतो. पेला नुसता ओठांना लाव आणि हस," पेले मांडणारे काका म्हणाले.

"आणि आमच्या धाकटीनं काय करायचं?"

"तुझ्या शेजारी उभं राहायचं. उंची वाढवणारी पावडर न पिणारी बुटकी म्हणून."

"पण मी तर रोज दोनदा पिते," धाकटी हळूच म्हणाली. "ताईच पीत नाही. तिला मळमळतं."

"हे आत कुणाला सांगू नकोस, बाळ."

"काका, मग मी कधी वाढणार?"

काका पेला पुसत राहिले. ताई उठून दाराशी थांबलेल्या आईबाबांकडे गेली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आम्ही दोघी या जाहिरातीत उभ्या राहणार नाही."