सत्यवतीचा घोव आणि माझा निवडुंग

...आणि वर मलाच शिकवतात, "मास्तर, झाडां लावची तर आंबो लावा, काजू लावा!" अहो, आंबा-काजू सगळा जिल्हा लावतोय, त्याला मी कशाला हवा? तुम्हाला सांगतो, या कट्टा गावात माणूस दोन पेले लावून ओहोळात लोळला तर म्हणतात, "बिचारो दमलो आसतलो, निजांदे." पण हायस्कूलच्या जीवशास्त्राच्या मास्तरानं मागच्या पडवीत एक कुंडी ठेवली, कुंडीत एक निवडुंग ठेवला, की लगेच पोलीस! पंचनामा! लेखी खुलासा! आणि जिभेला लावला नाही हो मी तो कधी. जिभेला!

बरं, निवडुंग साधा नव्हता, हे कबूल. मला नाद आहे. झाडांचाच नाद, असे बघू नका लगेच! कोणी तिकिटं जमवतं, कोणी जुनी नाणी जमवतं, मी डोकं फिरवणारी झाडं जमवत होतो. धोतरा नव्हे, धोतरा कुठल्याही उकिरड्यावर उगवतो आणि सरळ माणूस मारतो. गांजाही नव्हे, गांज्याला कोण नाद म्हणतो? मी म्हणतोय ती झाडं कोणाला माहीतच नसतात. आता आपल्या कुंपणाच्या वईवर समुद्रशोकाचा वेल चढतो, पानाच्या पाठीवर चंदेरी लव असते, त्याच्या बियांत काय भरलंय ते आपल्या गावात किती जणांना ठाऊक आहे? पानं गळवावर बांधायची, झालं, संपलं! मला नवल वाटायचं हो. झाड जागचं हलत नाही, शाळेत जात नाही, मातीतलं पाणी पितं आणि ऊन खातं, आणि त्यातून असं काहीतरी बनवतं की माणसाला समोर नसलेलं दिसावं! त्याला कळतं कसं आपलं डोकं? एवढंच मला बघायचं होतं. जिभेला लावायचं नव्हतं.

तर या नादापायी मी एका परदेशातल्या निवडुंगप्रेमी मंडळाला पत्र लिहिलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन रविवार लिहीत होतो! चार महिन्यांनी पाकीट आलं, आत मोहरीहून बारीक बिया. साल एक्याऐंशी, आपला जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला तेच साल, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा आणि माझा निवडुंग एका वयाचे. मेक्सिकोतला निवडुंग! पेयोटे म्हणतात त्याला. काटे नाहीत, दिसायला गोल, दबलेला, हिरवट राखाडी, आणि तिकडचे आदिवासी त्याला देव मानतात, पूजा करून खातात, रात्रभर गातात आणि मेलेल्यांशी बोलतात. वाळवंटातलं झाड! आणि मी ते पेरलं कुठे? मालवण तालुक्यात! जिथे जूनमध्ये लागलेला पाऊस गणपती येऊन गेले तरी जात नाही, जिथे फळीवरच्या पुस्तकांना बुरशी येते, चपलांना बुरशी येते, एका वर्षी तर माझ्या नेमणुकीच्या कागदाला आली होती!

मग काय करणार? छत्री! घरात छत्र्या दोन, एक माझी शाळेची आणि दुसरी कुंडीवर बांधलेली. शुभदा, म्हणजे आमची बायको, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बाजारात जायची. एकदा भिजून आली, पिशवी दारात आपटली आणि म्हणाली, "ओ, निवडुंगाक छत्री आणि माका पोतां? लगीन कोणाशी केलास तुमी?" मी म्हटलं, "अगो, त्याका पाणी सोसत नाय." तर म्हणते, "माका सोसता?"

आणि वाढ म्हणाल तर... पहिल्या वर्षी मुगाएवढा. दुसऱ्या वर्षी वाटाण्याएवढा. इकडे शाळेत पाचवीला आलेली पोरं मिशा फुटून बाहेर पडली आणि माझ्या कुंडीत तीन गोळे, कागदी लिंबाएवढे! पण सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये, परीक्षेचे पेपर तपासता तपासता सहज बघतो तर मधल्या गोळ्याच्या डोक्यावर कापसासारखा पुंजका, आणि पुंजक्यात गुलाबी टोक. कळी! सहा वर्षांनी कळी! मी शुभदाला ओढत आणलं. तिनं वाकून बघितलं आणि, खोटं नाही सांगत, पुन्हा एकदा वाकून बघितलं. "ल्हान पोराच्या ओठासारखी आसा," म्हणाली. आम्हाला मूल नाही.

आणि इथे मी गाढवपणा केला. आनंद पोटात राहीना! दुसऱ्या दिवशी टीचर्स रूममध्ये आमचा चित्रकलेचा मास्तर भिकाजी म्हणाला, "काय हरिश्चंद्र मास्तर, आज चेहरो फुललो तो?" आणि मी सांगितलं. सगळं. मेक्सिको, आदिवासी, देव, मेलेली माणसं... तो "होय? होय काय?" करत चहा पीत होता, आणि मला वाटलं, चला, कोणीतरी ऐकतोय!

संध्याकाळपर्यंत कट्टा बाजारात बातमी, मास्तराकडे देव दाखवणारां झाड आसा! आणि लागली की हो रांग! एकाची म्हैस हरवलेली, "मास्तर, म्हशीचो ठावठिकाणो लागात?" एक दहावीचा बाप, "बोर्डाचो पेपर दिसात काय?" मी म्हटलं, मी त्याच शाळेत शिकवतो, लाज वाटत नाही? तर म्हणतो, "म्हणान तर तुमका इचारतंय!" आणि प्रत्येकजण जाताना डोळा बारीक करून, "तुमका काय काय दिसता, मास्तर?" काही दिसत नाही हो! जिभेला लावलेला नाही मी!

पण ही सगळी गेली, त्रास नाही. राहिली सत्यवती. आमच्या घरापलीकडे दोन घरं सोडून राहते, काजूच्या बागेत कामाला जाते. तिचा घोव, म्हणजे नवरा, शिवा तीन वर्षांपूर्वी माडावरून पडून गेला. एकटी बाई, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. ती आली आणि पडवीच्या पायरीवर बसली.

"मास्तर, वायच माका दिया."

मी म्हटलं, "सत्यवती, ते औषध नाही. पोटात गेलं तर काय होईल, मी सांगू शकत नाही."

"मेलेलो माणूस दिसता म्हणतत."

"म्हणतात. मी बघितलेलं नाही."

"एकदाच बघूचो आसा माका. मागे लागूचंय नाय."

नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. आठ दिवस! ओरडत नाही, रडत नाही, नुसती त्या कुंडीकडे बघत बसायची. आठव्या दिवशी माझा आवाज चढला. मी म्हणालो, "अगो बाई, तिथे काही नाही! नवरा-बिवरा काही दिसत नाही! सगळं थोतांड आहे, जा घरी!" उठली, पदर सावरला, गेली. आणि मला वाटलं, सुटलो!

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मालवणला, शुभदाच्या भाचीचा साखरपुडा. दुपारच्या गाडीनं परत आलो, मी चप्पल न काढता मागच्या पडवीत, कारण कळी त्या दिवशी उमलणार असा माझा अंदाज होता... आणि कुंडीत खड्डा. तीन खड्डे! सहा वर्षं, तीन खड्डे! शुभदा म्हणाली, "मांजरान खाल्ल्यान आसतला." मी म्हटलं, मांजर कडू खात नाही. "तुमका काय ठावक कडू तां?" म्हणाली, आणि संशयानं माझ्याकडे बघितलं. घरातसुद्धा! जिभेला लावला नाही गो मी, शपथेवर सांगतो!

सोमवारी सकाळी हवालदार. निनावी अर्ज आला होता म्हणे, नवा कायदा आलाय, शिक्षक मादक झाडं लावतो, विद्यार्थ्यांवर वाईट परिणाम. निनावी! अक्षर इतकं वळणदार, मथळ्याखाली लाल-निळ्या दोन रेघा, आणि कोपऱ्यात चुकून एक वेलबुट्टी! त्याच जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा रिकामी होत होती, मी आणि भिकाजी दोघेच ज्येष्ठ. अजून काही सांगायला हवं? अर्धा बाजार अंगणात जमला. हवालदार ऑफिसातल्या मराठीत, "सदर वनस्पती हजर करा."

"नाही."

"का नाही?"

"चोरीला गेली."

"मग चोरीची तक्रार द्या."

आता चोरीची तक्रार कशाची देऊ? मादक झाडाची? मी हो म्हटलं तरी अडकतो, नाही म्हटलं तरी अडकतो! तोवर त्यांनी लिहायला घेतलं, "रिकामी कुंडी एक, मातीसह. छत्री एक, जुनी, काळी." छत्री कशाला, तर संशयास्पद. कुंडीवर छत्री कोण लावतो?

आणि गर्दीतून सत्यवती पुढे आली. शांतपणे म्हणाली, "तां झाड माझ्या पोटात आसा."

हवालदाराचं पेन हवेत! "तू खाल्लंस?"

"मिया खाल्लंय. काल सकाळी. मास्तर घराक नव्हते, तेंका ठावक नाय."

"मग? काय झालं?"

"काय होवचां? कारल्यापरास कडू. ओकलंय आणि निजलंय."

"काही दिसलं?"

"दिसला मां. चूल दिसली, भिंत दिसली. आता तुमी दिसतास तशी."

हसलं की हो अख्खं अंगण! हवालदारसुद्धा हसला, आणि लिहिलं, "सदर वनस्पती खाऊन कोणताही परिणाम आढळला नाही." मी सुटलो. सुटलो म्हणजे काय, बुडालो! मुख्याध्यापकांनी बोलावलं, "मास्तर, प्रकरण वाढवू नका, वनस्पतीत कोणताही गुण नव्हता, असं लिहून द्या आणि सही करा." मी सही केली! ज्या झाडासाठी बायको सहा पावसाळे भिजवली, ते निर्गुण, असं स्वतःच्या अक्षरात! नोकरी होती ना... काय करणार? आणि गाव? आदल्या आठवड्यात मी गावाला बिघडवणारा होतो, आता फसवणारा झालो. "मास्तराचो निवडुंग म्हणजे काकडी!" आणि जूनमध्ये भिकाजी मुख्याध्यापक झाला. मी त्याला हार घातला. फोटो आहे.

महिनाभर मी सत्यवतीकडे बघितलं नाही. मग एक दिवस राहवेना. भर दुपारी तिच्या दारात उभा राहिलो आणि बोललो, जे तोंडाला आलं ते. सहा वर्षं सांगितली, छत्री सांगितली, कळी सांगितली. "एक दिवस थांबली असतीस! फूल बघून मग खाल्लं असतंस!" तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पाट सरकवला. "बसा, मास्तर. पोलिसांका मी खोटां सांगलंय."

"म्हणजे?"

"दिसलो."

मी पाटावर बसलो. "कोण? शिवा?"

"थंय चुलीकडे बसलो होतो. तसोच. त्या दिवशी सकाळी आमचां भांडान झालेलां, तो न जेवता गेलो माडार. आणि पडलो. तीन वर्सां माझ्या गळ्याखाली घास उतराक नाय. तो काल-परवा गेल्यासारखो बसलो आणि म्हणालो, सत्ये, भूक लागली गो. जेवाक काय आसा?"

"मग?"

"मग काय? पेज होती. वाढलंय. जेवलो नि गेलो."

तुम्हाला सांगतो, मला गप्प बसायला हवं होतं. माणसानं गप्प बसावं अशी ती जागा. पण सहा वर्षं कुंडीत बघत बसलेला मास्तर जागा झाला ना! जगात कुठल्याही पुस्तकात नसेल असं समोर बसलंय, आणि मी विचारतो, "सत्यवती, नीट आठव. किती वेळ दिसला? रंग कुठले दिसले? भिंती हलत होत्या का? आवाज लांबून येत होता की जवळून? आठव गो!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं नापास पोराकडे मी बघतो.

"तां सगळां बघूक येळ खंय होतो, मास्तर? माका वाढूचां होतां."