नारूचं तिकीट

चिखलीहून सुटलेल्या एस.टी.त शाळेच्या नव्या मास्तरीण पद्मजाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. पुढच्या बाकावर त्यांच्याच गावचे उकंडराव आणि त्यांची बायको, दवाखान्यातून परतलेले. म्हाताऱ्याच्या घोट्यातून नारूचा किडा डोकावला होता; डॉक्टरांनी तो दोऱ्यासारखा काडीवर गुंडाळून पट्टी बांधली होती.

“डाकतर काय म्हनला, आयकलं ना? बारवेत पाय टाकाचा नाई,” बायकोनं बजावलं.

“आयकलं वो. पन आग उठते तवा पाय आपसूक पान्याकडे चालाले लागते.”

“तुमचा पाय नाई चालत. नारू नेते तुमाले. त्याले पिलं पान्यात सोडाची असते, म्हनून आग लावते.”

“म्हंजे मी नुसता बैल? हाकनारा आत बसेल हाय?”

“हाव. अन् थेच पानी आपली नात पेते, सारं गाव पेते.”

पद्मजाबाईंनी डोळे उघडले. त्यांचा हंडाही त्याच पायऱ्यांच्या बारवेवर भरे.

“मंग आग उठली का काय करू?”

“मले हाक मारा. बादली भरून देईन, तिच्यात पाय बुडवून बसा. पानी मी दूर उकिरड्यावर फेकीन.”

“अन् तू वावरात गेली असली तं?”

“नाई जात. थो पुरा निघेपर्यंत घरीच हावो मी.”

“मंग सावकाश निघू दे बापा त्याले.”

नदीवरच्या बुटक्या फरशीपुलावर म्हशी आडव्या आल्या आणि एस.टी. थांबली. खाली पाणी चमकत होतं.

“अहो, कुठी उठून राह्यले?”

“मी कुठी उठलो? थोच उठला.”

“मंग त्याले म्हना, गुमान खाली बस. त्याचं तिकीट नाई काढलं मी.”