अर्धा तास उभं राहता येतं का?

— तेच प्रश्न? अगदी तेच? मग पोरी, मागचा कागद हरवलास की काय, का हा जुमाकादिर म्हातारा खोटं बोलला असं वाटतंय तुझ्या डॉक्टरांना? — हां. हां, समजलं. माणूस तोच, दुखणं तेच, मग उत्तरंही तीच यायला हवीत — आली तर प्रश्न भरवशाचे, आणि मग ते नारिन प्रांताच्या सगळ्या दवाखान्यांत लकव्याच्या माणसांना विचारायचे. म्हणजे परीक्षा माझी नाही, प्रश्नांची. हे बरं आहे. आमच्या मास्तरांची अशी परीक्षा कुणी घेतली असती तर — असो. बस. दारापाशी नको, थंडी येते. चहा माझ्या हातचा आहे, सांडला जास्त, वाटीत आला कमी, तेवढं चालवून घे.

विचार. — हात धुणं? जमतं. मागंही जमतं म्हणालो होतो ना? लिही. — पाणी कोण ओततं म्हणजे? दुसरंच कुणीतरी ओतणार, आपल्यात काय कुणी स्वतःच स्वतःच्या हातावर पाणी ओतून घेतं? मोठ्यातल्या मोठ्या पाहुण्याच्या हातावरही दुसराच ओततो, त्याला काय लकवा झालाय? ती मदत नव्हे, ते हात धुणंच. — आता? आता शेजारची ओतते, येते तेव्हा. पुढे चल.

अर्धा तास उभं राहणं. येतं. — अगं, येतं म्हणतोय. मागं नाही म्हणालो होतो, ठाऊक आहे. मागं नव्हतं येत. पाय तोच आहे, हा बघ, नुसतं लाकूड. पण उभा राहिलो. अर्धा तास काय, दिवसभर. तंबूबाहेर. — कसला म्हणजे? घराच्या अंगणात लोकरीचा तंबू कधी उभारतात, आयपेरी? शहरात शिकलीस, पण आहेस ना आपल्यातलीच? — हो. माझी उम्सुनाय गेली. तू येऊन गेलीस त्याच आठवड्यात. तू नको नको म्हणत असताना साय वाढली होती तुला, तीच. — रडू नकोस, शाई पसरेल.

बायका आत तिच्यापाशी, आणि पुरुष बाहेर, काठीवर रेलून, येणाऱ्या प्रत्येकासमोर मोठ्यानं रडायचं — रीतच आहे. आमच्या थोरल्यानं, मिर्लाननं, स्टूल आणलं. म्हणाला, बाबा, तुम्ही बसा, लोक समजून घेतील. काय समजून घेतील? ती आत निजलीय आणि तिचा नवरा बाहेर बसलाय, हे? लाथाडलं मी ते स्टूल — चांगल्या पायानं लाथाडलं, म्हणजे उभा कशावर होतो बघ. तेव्हा लिही, येतं. आत्ता उभं राहून दाखवा म्हणशील, तर नाही येणार.

पेन का ठेवलंस? — वगळणार? मला? — मधल्या दिवसांत रोग्याच्या घरी मोठं काही घडलं, तर त्याची उत्तरं धरायची नाहीत. असा नियम. कुणी केला हा? त्याला म्हणावं, ज्याच्या घरी मोठं काही घडत नाही असा रोगी आधी शोधून आण. — तुझ्यावर नाही रागावत मी. पण ऐक. तुझ्या कागदात हात आहे, पाय आहे, जिना आहे — जिना, आमच्या गावात! — पण ती कुठंच नाही. ती दिसते ती माझ्या त्या उत्तरांत आणि ह्या उत्तरांत जो फरक पडलाय ना, तेवढ्यातच. मला वगळलंस की तीही गेली. तो फरक फेकू नकोस. नेऊन ठेव त्यांच्यापुढे. म्हणू देत बेभरवशाचा.

घे पेन. काय राहिलंय? — कपडे. स्वतः घालता का. मागं मी ऐटीत म्हणालो होतो, घालतो, कुणाची मदत लागत नाही. ती दारातच होती, बादली घेऊन. तू गेल्यावर काय हसली! संध्याकाळी जाकिटाची बटणं काढायला तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, तर म्हणते, काढा की आपली आपण, आत्ताच कागदावर लिहून दिलंत ना. आणि काढली मग, नेहमीसारखी. सकाळी लावली. रोज काढायची, रोज लावायची — मी खोटं नव्हतो बोललो गं. ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत, हे कधी मनातच आलं नाही.

— आता? आता काय सांगू. त्या पहाटे तिनं बटणं लावली, वरचं राहू द्या म्हणाली, गळ्याला काचतं, आणि धार काढायला गेली. गोठ्यातच पडली. — नाही, मिर्लान म्हणाला होता जाकीट काढतो म्हणून. शेजारीणही म्हणाली, द्या, धुते, वास येतोय. येतो ना? तुलाही येत असेल, तू बोलत नाहीस. मी असाच झोपतो. पाठीवर झोपलं की चुरगळत नाही, बटणंही —

नको. हात मागे घे. मागे घे म्हणतो ना. — लिहायचं ते लिही, नाहीतर कोरं ठेव. तुझी गाडी येईल आता. ऊठ. दार ओढून घे जाताना.