तापलेला टायर

टायरवाला : हात लावून बघ. तव्यासारखा तापलाय. आता मीटर लावला तर तो खोटंच सांगणार.

ड्रायव्हर : काका, हवा तेवढी भरून द्या. मोजायचं राहू द्या.

टायरवाला : काका कोणाला म्हणतो? मिशा तुझ्या माझ्यापेक्षा पांढऱ्या आहेत. मागे काय भरलंय?

ड्रायव्हर : फरशा. पार शिगोशीग.

टायरवाला : आणि पुढचा डावा असा बसलाय. पंक्चर तर नाही. हवा काढली कोणी?

ड्रायव्हर : मीच. सकाळी पंपावर थांबलो, तर मीटर एकशे तीस दाखवायला लागला. म्हटलं फुटेल. दिली सोडून थोडी.

टायरवाला : तोवर गाडी पळतच होती?

ड्रायव्हर : पहाटेपासून.

टायरवाला : अरे शहाण्या, गरम हवा फुगते, म्हणून आकडा चढतो. गार झाली की आपोआप उतरतो. तू आधीच काढून बसलास, आता त्यात राहिलं काय? मऊ टायर चालताना मुडपतो, मुडपला की आणखी तापतो. आणि पुढचा फुटला ना, की स्टेअरिंग तुझ्या बापाचंसुद्धा ऐकत नाही.

ड्रायव्हर : बाप कधीच गेला.

टायरवाला : मग त्याला भेटायची घाई आहे का? बस त्या बाकावर. गार होऊ दे, मग मोजून भरू.

ड्रायव्हर : म्हणजे दुपार गेली. मला कळतंय हो तुमचं. दुकानात चिटपाखरू नाही. गप्पांना माणूस पाहिजे म्हणून गाडी अडवताय.

टायरवाला : नवा रस्ता झाल्यापासून इकडे वाट चुकलेलेच येतात. दिवस दिवस मी कंप्रेसरशी बोलतो. तो निदान फुस्स तरी करतो. पण म्हणून खोटं सांगून बसवीन होय तुला? वेळ टायरला लागतो, मला नाही.

ड्रायव्हर : आणि मी निघालोच तर?

टायरवाला : निघ. टायर तुझा, मान तुझी. पण अंदाजाने हवा मी भरणार नाही. पुढे काही झालं तर इथे एकट्याला त्याचाच विचार करत बसावं लागेल. तेवढं नको.

ड्रायव्हर : ...पाणी आहे का?

टायरवाला : माठात. घाई कसली एवढी? घरी वाट बघतायत?

ड्रायव्हर : कोणी नाही.

टायरवाला : मालक बोंबलतो?

ड्रायव्हर : फरशा उद्या पोचल्या तरी चालतंय.

टायरवाला : मग?

ड्रायव्हर : गाडी चालू असली की बरं असतं. मुलगी सासरी गेल्यावर बायको यायला लागली बरोबर. घरात भिंती बघत काय बसू, म्हणायची. गाडी थांबली की ती बाजूची सीट दिसते. चालवताना कसं, नजर समोर असते.

टायरवाला : कधी गेली?

ड्रायव्हर : यंदाच. उन्हाळ्यात.

टायरवाला : हं. बोलकी होती?

ड्रायव्हर : बोलकी? अख्ख्या रस्त्याला शिव्या घालायची. एका बसवाल्याला म्हणाली, लायसन काय रद्दीत सापडलं का रे तुला?

टायरवाला : माझी असती तर दोघींचं जमलं असतं. माझी आरशाशी पण भांडायची.

(बराच वेळ गेलाय. दोघे बाकावरच आहेत.)

ड्रायव्हर : ...गाडी चढाला कण्हायला लागली, तर ही म्हणते, उतरून ढकलू का, का तुम्ही ढकलताय?

टायरवाला : लेका, टायर गार झाला असेल की.

ड्रायव्हर : झालाय. मघाशी पाण्याला उठलो तेव्हा हात लावून बघितला.

टायरवाला : आणि बोलला नाहीस?

ड्रायव्हर : तुझ्या बायकोचं चाललं होतं. मधेच कसं तोडणार?

टायरवाला : ऊठ. हा मीटर, बघ तूच.

ड्रायव्हर : ऐंशी.

टायरवाला : आणि एवढ्यावर फरशा घेऊन निघाला होतास. एकशे दहा करू. मागच्या जोड्याही बघू, आतला टायर बाहेरच्याच्या आडोशाला मेलेला असला तरी कळत नाही.

ड्रायव्हर : बघ सगळे. सावकाश बघ.

टायरवाला : ...झालं. पुढे डावीकडे वळलास की नवा रस्ता लागतो. तोच जवळ पडेल.

ड्रायव्हर : येताना गाडी रिकामी असेल. तेव्हा हवा किती ठेवायची?

टायरवाला : ये की. तेव्हा सांगतो.