पुराव्याचा रुमाल

हे अनंता, हे दयाघना, तुझ्या इच्छेवाचून झाडाचं पान हलत नाही आणि, आता अनुभवानं सांगतो, संगणकाचा पंखाही फिरत नाही. तुझ्या चरणी मस्तक ठेवून बोलायला उभा राहतो... कारण श्रोतेहो, मला एक सांगा, एका डब्याला पंखे असावेत तरी किती? एक? दोन? सहा! सहा पंखे लावून हा दुकानदार वारा घालणार होता तरी कुणाला? आणि त्यात दिवे! निळे, जांभळे, तांबडे, सगळे आळीपाळीनं डोळे मिचकावणारे! मी म्हटलं, "का हो, या दिव्यांनी खेळ जोरात पळतो का?" तर म्हणतो, "आजोबा, लुक येतो!" लुक येतो म्हणे! अहो, तो येतो कुठून, आणि येताना नेमका आमच्याच खिशातून का येतो? मी संशय घेत नाही, तुम्हाला सांगतो, मी फक्त विचारतो!

तर त्याचं असं झालं. माझी नात, वय वर्षं सतरा, तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. ठरते ती फक्त संगणकावरच्या खेळासमोर. पाच मुलींचा संघ आहे त्यांचा, आणि रविवारी मोठा सामना. आणि हिचा संगणक कसा? तर शत्रू समोर आला रे आला, की हा समाधी लावतो! अहो, आम्ही साठ वर्षं नामस्मरण करतोय, आम्हाला लागली नाही, आणि हा क्षणात ब्रह्मलीन! शेवटी त्या संघाच्या कप्तानीणबाईंनी निरोप धाडला, "शनिवारपर्यंत नवा संगणक कर, नाहीतर तुझ्या जागी दुसरी." पोरीचा चेहरा एवढासा झाला हो. दोन वर्षं लहान मुलांना चित्रकला शिकवून तिनं पैसे साठवलेले. माझे चिरंजीव, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "साठवलेत तेवढ्यातच बसव, वर एक रुपया मिळणार नाही. आणि आजोबांना सोबत ने. त्यांना फसवणारा अजून जन्माला यायचाय."

ऐकलंत? केवढा हा विश्वास! त्या विश्वासानंच घात केला.

शुक्रवारी दुकानात गेलो. दुकानदार इतका गोड बोलणारा, इतका गोड, की मी तिथंच सावध झालो. संतांनी आयुष्यभर काय सांगितलं? बाहेरच्या रंगाला भुलू नका! आणि इथं तर नुसता रंगच विकायला मांडलेला! मी प्रत्येक खोका कानाशी धरून हलवला. मडकं घेताना वाजवून घेतोच ना आपण? "आजोबा, हलवू नका हो, नाजूक आहे!" "नाजूक आहे की रिकामं आहे?" मी विचारलं. नुसतं विचारलं!

मग आलं ते ग्राफिक्स कार्ड. म्हणजे चित्रं पळवणारा भाग, विटेएवढा, आणि निम्मं बजेट एकट्यानं गिळणारा. दुकानदार आवाज खाली आणून म्हणतो, "ताई, याच पैशात याच्याहून भारी देतो. थोडंसं वापरलेलं आहे. पण घरगुती!" घरगुती! म्हणजे काय, भाजी चिरायला वापरलं होतं? भिंगरी मात्र शांत. वहीत सगळी यादी काढून आणलेली. "काका, नवंच द्या, वॉरंटीवालं. दिव्यांचा कॅबिनेट नको, साधा द्या. वाचले ते चांगल्या पॉवर सप्लायला घाला." काय सांगू श्रोतेहो, ऊर भरून आला! माया ओळखून बाजूला सारणारी पोर! पण मग म्हणते, "रॅम सोळा जीबीची एक नको, आठच्या दोन द्या." माझ्या भुवया वर. एकात भागत असताना दोन कशाला? "आजोबा, जोडीनं जोरात चालतात." दुकानदारानंही मान डोलावली, आणि दुकानदार मान डोलावतो तेव्हा... पण जाऊ द्या, मी संशय घेत नाही!

यादी बजेटमध्ये बसली. काठोकाठ. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, संध्याकाळपर्यंत जोडून देतो. फुकट." फुकट! तिथंच मी उठलो. आपल्या नजरेआड हे आतून काय काढतील, काय घालतील, कुणी पाहिलंय? "आम्ही घरी जोडू," मी म्हटलं. "माझी नात समर्थ आहे!" ती समर्थ होतीच हो. प्रश्न तिचा नव्हताच.

शनिवारी सकाळी ती शिकवणीला गेली. मी माझं वाचन आटोपलं, आणि म्हटलं, पोर येईपर्यंत एकदा सगळं पारखून ठेवावं. खोके उघडले. आमची ही आतून ओरडली, "अहो, तिच्या सामानाला हात लावू नका!" मी म्हटलं, "हात लावत नाही, फक्त बघतो." आणि बघतो तर काय! प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, त्याच्या डोक्यावर बसवायचा तो पंखा, त्याच्या बुडाला करड्या चिकट मळाचे पट्टे! नव्या वस्तूला मळ? वापरलेला! आमच्या गळ्यात वापरलेला माल मारला! राग आला हो, पण विवेक सुटला नाही. स्वच्छ धुतलेला रुमाल घेतला आणि तो मळ पुसला. घासून पुसला. कडेकोपऱ्यातून पुसला. बूड असं लखलखलं की त्यात स्वतःचं तोंड दिसावं! आणि रुमाल? तो धुतला नाही. घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. पुरावा! पोरीला मात्र काही बोललो नाही. म्हटलं, सामना होऊन जाऊ दे, मग त्या गोडबोल्याकडे बघतो.

ती आली, जोडायला बसली, मी एकेक भाग हातात देतोय. तो पंखा तर मी स्वतः, बूड खाली धरून, अलगद दिला. तिनं तसाच बसवला. बटण दाबलं... पडदा उजळला! मी हात जोडले! खेळ सुरू झाला, भिंगरी ओरडली, "आजोबा, काय पळतोय हो!" आणि दोन मिनिटांत... फट्! काळोख. पुन्हा लावला, पुन्हा काळोख. पोरीच्या डोळ्यांत पाणी. "आजोबा, माझी जागा गेली."

गेली? कशी जाईल? डबा काखोटीला मारला, पिशवी खिशात घातली आणि भिंगरीला घेऊन थेट दुकानात! गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं, मी गरजलो, "वापरलेला माल विकता? पोरीच्या दोन वर्षांच्या कष्टांची काही चाड?" दुकानदार गडबडला. डबा उघडला, पंखा काढला, बुडाकडे बघितलं, प्रोसेसरकडे बघितलं, पुन्हा बुडाकडे. "ताई, पेस्ट कुठे गेली?" भिंगरी म्हणते, "कंपनीनंच लावलेली असते ना, काका?" "असते तर! उष्णता पंख्यापर्यंत पोचते ती त्या करड्या पेस्टमधूनच. ती नसली की प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो. ही कुणीतरी पुसलीय!"

कुणीतरी.

आणि श्रोतेहो, त्या क्षणी, त्या भरल्या दुकानात, माझा हात पिशवीसकट खिशातून आधीच बाहेर आलेला होता. पुरावा म्हणून, उंच धरलेला!

सगळे रुमालाकडे बघतायत. मग माझ्याकडे. भिंगरी हळूच म्हणाली, "आजोबा... तुम्ही?" जन्मभर लोकांना सांगत आलो, बाबांनो, दुसऱ्याचा दोष शोधण्याआधी आपलं अंतःकरण पुसा. आणि मी पुसलं काय? तर पेस्ट!

दुकानदार हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं एका नळीतून वाटाण्याएवढी पेस्ट काढून लावली, पंखा बसवला, पाऊण तास खेळ चालवून दाखवला. डबा गरमसुद्धा झाला नाही. मी मान खाली घालून विचारलं, "किती द्यायचे?" तर म्हणतो, "राहू द्या आजोबा, याचे काय पैसे घ्यायचे?"

आणि तुम्हाला सांगतो, एवढं होऊनही, त्याही क्षणी, मनात आलंच... फुकट का देतोय हा?

रविवारी भिंगरी खेळली, तिची जागा तिलाच राहिली. मलाही शेजारी बसायची परवानगी आहे, पण एका अटीवर. म्हणते, "आजोबा, हात जोडून बसायचं. खेळ संपेपर्यंत सोडायचे नाहीत." साठ वर्षं देवापुढे जोडले; आता डब्यापुढेही जोडतो. मी विचारतसुद्धा नाही!

तो दयाघन तुम्हा सर्व श्रोत्यांचं कल्याण करो, घराघरांतली लेकरं आपापल्या खेळात जिंकोत, कुणाचंही डोकं फार तापू न देवो, आणि प्रत्येक घरातल्या आजोबांचे हात... जोडलेलेच ठेवो!